रव्याची चाळणी, पिठाची चाळणी

मार्च महिना जवळ आला की अनुदानावर चालणाऱ्या वाचनालयांत पुस्तकखरेदीची घाई सुरू होते. विक्रेत्याची छापील यादी येते, शेवटच्या पानावर सवलतीचा आकडा असतो, कार्यकारिणीतले दोघेतिघे पेन घेऊन बसतात, खुणा होतात आणि आठवड्याभरात गठ्ठे दारात. यादीत कादंबरी, भयकथा, शेअर बाजार, मधुमेह, संभाजी महाराज, व्यक्तिमत्त्व विकास, परदेशी उद्योगपतीचं चरित्र, सगळं एकाखाली एक. निकष दोनच: ‘हे चालतं का?’ आणि ‘यावर किती टक्के?’ घरी बसून स्वतःसाठी पुस्तक मागवणारा वाचकही फार वेगळं काही करत नाही. तो तारे मोजतो, मुखपृष्ठावरची ‘लाखो प्रती खपल्या’ ही पट्टी वाचतो, किंमत बघतो आणि बटण दाबतो.

‘हे चालतं का?’ हा प्रश्न चुकीचा नाही. अर्ध्या यादीला तो नेमका लागू पडतो. घोळ होतो तो उरलेल्या अर्ध्या यादीत. रहस्यकथा हजार लोकांनी एका बैठकीत संपवली, म्हणजे तिने आपलं काम चोख केलं. तिच्याकडून आणखी काही येणं बाकी नाही. मधुमेहावरचं पुस्तक हजार लोकांनी एका बैठकीत संपवलं, तर ते सोपं लिहिलंय एवढंच कळतं. त्यातला मजकूर बरोबर आहे का, हे त्या हजारांना ठाऊक नसतं. ठाऊक असतं तर त्यांना ते पुस्तक लागलंच नसतं. पिठाच्या चाळणीत रवा घातला तर चांगला रवा वरच अडकतो. रव्याच्या चाळणीत पीठ घातलं तर कोंड्यासकट सगळं खाली येतं. मराठी वाचनालयं आज गोष्टीची पुस्तकं आणि माहितीची पुस्तकं एकाच चाळणीने चाळतात, आणि सार्वजनिक पैशाने चाळतात, म्हणून हा निव्वळ आवडीनिवडीचा मामला उरत नाही.

आधी गोष्टींचं बघू.

लोकप्रिय कथा-कादंबरीकडे नाक मुरडायची आपली सवय जुनी आहे. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, गुरुनाथ नाईकांनीही हजाराच्या पुढे मजल मारली. नारायण धारपांच्या भयकथा आणि सुहास शिरवळकरांच्या कादंबऱ्या भाड्याने पुस्तकं देणाऱ्या वाचनालयांत शिवण उसवेपर्यंत फिरल्या. शिरवळकरांच्या ‘दुनियादारी’वर चित्रपट आला २०१३ साली, त्याआधीची तीनेक दशकं ती जगली ती वाचकांच्या हातांवर. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची जी पाच सूत्रं मांडली, त्यातलं दुसरं ‘प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ’ असं आहे. ‘त्याचा’ म्हणजे वाचकाचा. ‘समितीच्या इभ्रतीला शोभेल असा’ हे त्यात कुठे बसत नाही.

म्हणून गोष्टीच्या पुस्तकांबाबत वाचकांच्या पायांवर विश्वास ठेवावा; पण तो मोजून ठेवावा. त्यासाठी वेगळं सर्वेक्षण लागत नाही. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर चिकटवलेली, देवघेवीच्या तारखांचे शिक्के असलेली डेट स्लिप हीच मतपत्रिका आहे. नुसते शिक्के मोजले तर मात्र फसायला होतं. पहिल्या सहा महिन्यांत पंधरा शिक्के आणि मग दोन वर्षं शुकशुकाट, म्हणजे पुस्तक जाहिरातीवर किंवा चित्रपटावर चाललं. त्या लेखकाचं पुढचं पुस्तक दोन प्रतींत घेऊ नये. वर्षाला चारच शिक्के, पण सलग आठ वर्षं, हे पुस्तक एकमेकांना सांगून वाचलं जातंय. ते फाटलं तर पुन्हा विकत घ्यावं. शिक्क्यांमधलं अंतरही बोलतं. तीनशे पानांची कादंबरी दोन-तीन दिवसांत परत आली, तर एक तर ती झपाट्याने वाचली गेली किंवा विसाव्या पानावर सोडली गेली. यातलं कोणतं, हे पुस्तकाची कड सांगते. पुस्तक मिटून खालच्या बाजूने बघा: सोडून दिलेल्या पुस्तकाची पहिली तीस-चाळीस पानं मळकट आणि किंचित फुगलेली असतात, पुढची कोरी; शेवटपर्यंत वाचलेल्या पुस्तकाचा मळ सारखा पसरलेला असतो. संगणकावर देवघेव करणाऱ्या वाचनालयांत कागदी स्लिप गेली आणि ही नजरही गेली. त्यांनी निदान ‘कितीदा गेलं’ याबरोबर ‘किती दिवसांनी आलं’ हा रकाना काढून बघावा. नोंद आत पडलेली असतेच, कोणी विचारत नाही.

घरच्या वाचकाकडे स्लिप नसते. त्याच्यासाठी दुकानात उभ्याउभ्या होणारी तपासणी अशी: पहिलं पान वाचू नका. पहिलं प्रकरण लेखकाने सगळ्यात जास्त घासलेलं असतं, संपादकाने तेच सगळ्यात नीट वाचलेलं असतं. ई-पुस्तकाचा फुकट नमुनाही सुरुवातीचाच तुकडा देतो. एकूण पानांचा दोन-तृतीयांश भाग उघडा, म्हणजे ३०० पानी पुस्तकात २०० च्या आसपास, आणि सलग दोन पानं वाचा. तिथे तीन गोष्टी कळतात. पात्रं वेगवेगळी बोलतात की सगळी लेखकाच्याच आवाजात. ‘तो रागाने म्हणाला’, ‘ती हताशपणे म्हणाली’ अशा टेकूंवर संवाद उभा आहे का. आणि त्या दोन पानांत काही घडतं का. शेवट कळून मजा जाईल अशी भीती नको, रहस्य इतक्यात फुटत नाही. मालिकेतलं पुस्तक असेल तर कितवं आहे ते बघा. मराठी मुखपृष्ठांवर हा आकडा बहुधा नसतो, मलपृष्ठावर किंवा लेखकाच्या पुस्तकांच्या यादीत शोधावा लागतो.

आणि एक अगदी क्षुल्लक वाटणारी गोष्ट: पानांचे आकडे. आपली बहुतेक पुस्तकं सोळा पानांच्या फर्म्यात, म्हणजे एकत्र छापून दुमडलेल्या जुडीत, छापली जातात. बांधणीत एखादा फर्मा गळतो किंवा दुबार लागतो, तेव्हा १२८ नंतर थेट १४५ येतं. रहस्यकथेत नेमका तोच फर्मा गेला की वाचक लेखकाला शिव्या देतो. १६, ३२, ४८ असे पाढे म्हणत बोटाने पानं सोडली तर अर्ध्या मिनिटात कळतं. पदपथावरच्या चोरट्या प्रतींत हा दोष जास्त. शिवाय अक्षरं झेरॉक्ससारखी फुगलेली, मागच्या पानाची शाई पुढे दिसणारी, आणि उघडली की पाठ तडकणारी.

आता त्या पट्टीकडे. ‘पंधरावी आवृत्ती’ या शब्दांनी मराठी वाचक अजून हरखतो. आवृत्ती किती प्रतींची, हे कुठेच लिहिलेलं नसतं. मराठीत हजार-अकराशे प्रतींची आवृत्ती हा जुना रिवाज. आज मागणीनुसार छपाईमुळे शंभर प्रतींचीही ‘आवृत्ती’ निघू शकते. तेव्हा एकाची पंधरावी आवृत्ती दुसऱ्याच्या दुसरीपेक्षा लहान असणं सहज शक्य आहे. गंमत अशी की इंग्रजी अमदानीत हे कळायचं. १८६७ च्या छापखाने व पुस्तक नोंदणी कायद्यानुसार मुंबई इलाख्यात छापलेल्या पुस्तकांच्या त्रैमासिक याद्या निघत आणि त्यांत छापलेल्या प्रतींचा रकाना असे. जुन्या पुस्तकांच्या पहिल्या पानावरही ‘प्रती १०००’ असं सापडतं. त्या कायद्याची जागा घेणाऱ्या २०२३ च्या कायद्याने पुस्तकं तर कक्षेबाहेरच ठेवली. सरकारने सक्ती करावी असं इथे कोणी म्हणत नाही. प्रकाशकांनी आपण होऊन ‘प्रती’ छापायला काय हरकत आहे? ज्याचा खप खरा आहे त्याला लपवण्यासारखं काही नसतं. त्याच पानावर ‘आवृत्ती’ आणि ‘पुनर्मुद्रण’ यांतला फरकही पाळला पाहिजे. मजकूर बदलला तर आवृत्ती, तसाच छापला तर पुनर्मुद्रण. पुढे माहितीच्या पुस्तकांकडे गेल्यावर या फरकाची किंमत कळेल.

परदेशी याद्यांचंही तेच. न्यूयॉर्क टाइम्सची खपाची यादी १९३१ पासून चालू आहे. तिच्यात काही पुस्तकांपुढे एक लहानसं खंजिराचं चिन्ह असतं. त्याचा अर्थ, काही दुकानांनी या पुस्तकाची घाऊक खरेदी झाल्याचं कळवलंय. मुखपृष्ठावर ‘न्यूयॉर्क टाइम्स बेस्टसेलर’ छापताना तो खंजीर कोणी छापत नाही. ऑनलाइन दुकानातला ‘क्रमांक १’ कोणत्या उपविभागातला आणि कोणत्या तासातला हे बघितल्याशिवाय निरर्थक. लहान उपविभागात एका दुपारी ओळखीच्यांनी केलेली खरेदीही पुस्तकाला वर नेते. आणि आयएसबीएन म्हणजे दर्जाचा शिक्का, हा गैरसमज तर वाचनालयांच्या सभांमध्येही ऐकू येतो. तो नुसता ओळखक्रमांक आहे. आपल्याकडे तो सरकारी यंत्रणेकडून विनामूल्य मिळतो आणि देताना पुस्तक वाचून कोणी पाहत नाही.

तरीही, गोष्टीच्या पुस्तकात फसलो तर जातात दोनअडीचशे रुपये आणि एक रविवार. माहितीच्या पुस्तकात फसलो तर नुकसान वेगळं आहे.

साधं उदाहरण शेअर बाजाराच्या ओळखपुस्तकाचं. शेअर एक वर्षाहून जास्त ठेवून विकले तर होणाऱ्या नफ्यावर ३१ मार्च २०१८ पर्यंत कर नव्हता. १ एप्रिल २०१८ पासून लाखाच्या वरच्या नफ्यावर १० टक्के आला. २३ जुलै २०२४ पासून दर साडेबारा टक्के आणि सूट सव्वा लाखाची झाली. अल्प मुदतीचा दर १५ वरून २० टक्के. २०१६ साली लिहिलेलं पुस्तक २०२५ मध्ये ‘बारावी आवृत्ती’ म्हणून छापलं आणि आत एक अक्षर बदललं नसेल, तर ते वाचकाला कर शून्य आहे असं सांगतंय. पुस्तक नवं, कागद नवा, पट्टी नवी, माहिती दोन बदलांनी मागे. शिवाय १ एप्रिल २०२६ पासून १९६१ चा आयकर कायदाच जाऊन २०२५ चा लागू, म्हणजे जुन्या मार्गदर्शिकांतले कलमांचे आकडेही गेले. कायद्याच्या पुस्तकांचं त्याहून वाईट. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. खुनाची शिक्षा ३०२ मधून १०३ मध्ये गेली, फसवणूक ४२० मधून ३१८ मध्ये. स्पर्धा परीक्षेच्या कपाटात जुनी मार्गदर्शिका ‘भरपूर जाते’ म्हणून ठेवलेली असेल, तर तिच्या डेट स्लिपवरचा प्रत्येक शिक्का म्हणजे एका विद्यार्थ्याचं नुकसान. इथे खप जितका जास्त तितकं पुस्तक घातक.

म्हणून माहितीच्या पुस्तकाला पंधरा मिनिटांची तपासणी हवी, आणि ती शीर्षकपानाच्या मागच्या पानापासून सुरू व्हावी. पुस्तक पहिल्यांदा कधी लिहिलं गेलं? अनुवाद असेल तर मूळ पुस्तकाचं वर्ष कोणतं, आणि अनुवाद कोणत्या आवृत्तीचा? २००४ च्या पुस्तकाचा २०२३ चा अनुवाद हे २००४ चंच पुस्तक असतं. अनुवादकाचं नाव आहे का? नाव नसलेला अनुवाद घेऊ नये, एवढा कडक नियम करायला हरकत नाही. ज्या कामाला कोणी सही करत नाही ते काम कोणीतरी घाईत केलेलं असतं.

अनुवादाच्या बाबतीत आणखी एक पेच आहे, तो हक्कमुक्तीचा. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं स्वामित्वहक्क टिकतो. डेल कार्नेगी १९५५ साली गेले, तेव्हा त्यांची जुनी पुस्तकं भारतात २०१६ पासून मोकळी झाली. साने गुरुजी १९५० साली गेले. ‘श्यामची आई’ २०११ पासून कोणीही छापू शकतो. एकाच पुस्तकाच्या अनेक प्रकाशकांच्या प्रती ठेल्यावर रचलेल्या दिसतात त्याचं कारण हे. त्यातलं स्वस्त ते घ्यावं असं वाटणं साहजिक आहे, पण मजकूर सारखा असतोच असं नाही. कार्नेगींच्या माणसं जोडण्याच्या पुस्तकाच्या १९३६ च्या मूळ आवृत्तीत सहा भाग होते, १९८१ च्या सुधारित आवृत्तीत चार. मराठी प्रत कशावरून केली, हे अनुक्रमणिकेतले भाग मोजले की लगेच दिसतं. ‘श्यामची आई’ घेताना दोन प्रती शेजारी ठेवून प्रकरणं, म्हणजे त्यातल्या ‘रात्री’, मोजाव्यात. ‘मुलांसाठी संक्षिप्त’ हे शब्द मुखपृष्ठावर नसले तरी आत कात्री लागलेली असू शकते.

मग पुस्तक मागून उघडायचं. संदर्भ कुठे आहेत? ‘एका अमेरिकन विद्यापीठाच्या संशोधनानुसार’ असं लिहून टीप नसेल तर ते वाक्य नाहीच असं समजून पुढे वाचावं. दहा पानांत अशी पाच वाक्यं निघाली तर पुस्तक परत ठेवावं. त्यानंतर सूची, म्हणजे कोणता विषय कोणत्या पानावर हे सांगणारी शेवटची यादी. मराठी अनुवादांतून सूची गाळण्याची प्रथा पडली आहे आणि ती अक्षम्य आहे. कारण समजतं: अनुवादात पानांचे आकडे बदलतात, सूची नव्याने बांधावी लागते, दोन-तीन दिवसांचं काम वाढतं, सहा-आठ पानं म्हणजे अर्धा फर्मा जास्त लागतो. पण चारशे रुपयांच्या चारशे पानी पुस्तकात अर्ध्या फर्म्याचा कागद वाचवून प्रकाशक वाचकाकडून काय काढून घेतो? पुस्तक तपासण्याचं एकमेव हत्यार. सूची असली की आपल्याला पक्की माहीत असलेली एक गोष्ट, आपला धंदा, आपलं गाव, आपला आजार, तिथे शोधता येते आणि लेखकाने ती बरोबर लिहिली आहे का ते बघता येतं. कापसाचा शेतकरी जागतिक इतिहासाचं पुस्तक कापसाच्या पानावरून तपासू शकतो. जे आपल्याला कळतं तिथेच लेखक घसरला असेल, तर जे कळत नाही तिथे तो सावरला असेल असं मानायला काही आधार नाही.

शेवटची पायरी, एका मोठ्या दाव्याचा माग काढणं. ‘दहा हजार तास सराव केला की कोणीही निष्णात होतो’ हे वाक्य व्यक्तिमत्त्व विकासाच्या पुस्तकांत किती ठिकाणी सापडतं! मूळ अभ्यास १९९३ चा, बर्लिनच्या संगीत अकादमीतल्या व्हायोलिन वादकांचा. त्यातल्या सर्वोत्तम गटाचा विसाव्या वर्षापर्यंतचा सराव सरासरी दहा हजार तासांच्या आसपास भरला. सरासरी, म्हणजे त्या गटातल्या अनेकांचा तेवढाही झाला नव्हता, आणि इतका केला की निष्णात होतो असं तर अभ्यासात कुठेच नव्हतं. २००८ च्या एका तुफान खपाच्या इंग्रजी पुस्तकाने त्याचा नियम करून टाकला. मूळ संशोधक अँडर्स एरिक्सन यांनी २०१६ साली स्वतःच्या पुस्तकात याला स्पष्ट हरकत घेतली. नियम फिरत राहिला, हरकत फिरली नाही. डॅनिएल कानमन हे नोबेल मिळालेले शास्त्रज्ञ. त्यांच्या २०११ च्या गाजलेल्या पुस्तकातल्या एका प्रकरणाचा आधार असलेले प्रयोग पुढे डळमळीत ठरले. आपण लहान नमुन्यांच्या अभ्यासांवर नको तितका भरवसा टाकला, असं त्यांनी २०१७ मध्ये मोकळेपणाने लिहिलं. त्यांचा मोठेपणाच तो. पण कबुली पुस्तकाबाहेर झाली. २०११ ची प्रत कपाटातून काढणाऱ्या सभासदापर्यंत ती कशी पोचणार? पुस्तकाच्या आतल्या पानावर ग्रंथपालाने चिकटवलेली चार ओळींची चिठ्ठी, हाच एक मार्ग दिसतो.

खोटं आत्मचरित्र हा प्रकार मात्र या तपासणीतूनही निसटतो. अमेरिकेत जेम्स फ्राय यांचं व्यसनमुक्तीचं आत्मकथन २००३ साली आलं, दूरदर्शनवरच्या शिफारशीनंतर प्रचंड खपलं, आणि जानेवारी २००६ मध्ये त्यातले तुरुंगवासाचे वगैरे प्रसंग फुगवलेले-रचलेले असल्याचं एका संकेतस्थळाने पोलिसांची कागदपत्रं काढून दाखवलं. वाचकांना पैसे परत द्यायची वेळ आली. तीच पानं कादंबरी म्हणून आली असती तर कोणाची तक्रार नव्हती. पुस्तक कोणत्या कपाटात ठेवलं जातं, यावर ते खरं की खोटं हे कधीकधी ठरतं.

आणि मराठीत तर या दोन कपाटांच्या मधली भिंतच ढासळलेली आहे. आपला सगळ्यात लाडका प्रकार, ऐतिहासिक आणि पौराणिक कादंबरी, नेमका तिथे उभा आहे. ‘स्वामी’ १९६२ ची, ‘मृत्युंजय’ १९६७ ची, ‘छावा’ १९७९ ची, ‘पानिपत’ १९८८ ची. या कादंबऱ्यांचा खप खरा आहे, दीर्घ आहे आणि गोष्टीच्या चाळणीत त्या वरच्या दर्जाच्या ठरतात. प्रश्न लेखकांचा नाहीच. मुखपृष्ठावर ‘कादंबरी’ लिहिलेलं असतं. प्रश्न आपला आहे. कोणी तरी वादात म्हणतो, ‘मी वाचलंय’, आणि वाचलेली असते कादंबरी. द्रौपदीने भर स्वयंवरात ‘मी सूताला वरणार नाही’ म्हणत कर्णाला नाकारलं, हा प्रसंग घराघरात पाठ आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संस्थेने १९१९ ते १९६६ अशी जवळपास अर्धं शतक खपून महाभारताची जी चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तिच्या मूळ संहितेत तो नाही. तो तळटीपांत गेला आहे. २०२५ मध्ये ‘छावा’ कादंबरीवरचा चित्रपट आला तेव्हा शिर्के घराण्याच्या वंशजांनी आपल्या पूर्वजांच्या चित्रणावर आक्षेप घेतला, दिग्दर्शकाला दिलगिरी व्यक्त करावी लागली. चित्रपट कादंबरीवरचा, कादंबरी इतिहासावरची. दोन पायऱ्या उतरून आलेल्या गोष्टीला लोक पुराव्यासारखं बघत होते.

यावर उपाय कादंबरी कमी वाचण्याचा नाही. जोडी लावण्याचा आहे. ‘छावा’च्या शेजारी वा. सी. बेंद्रे यांचं १९६० चं संभाजी महाराजांचं चरित्र, ‘पानिपत’च्या शेजारी त्र्यं. शं. शेजवलकरांचा ‘पानिपत : १७६१’. बेंद्रे आणि शेजवलकर दोघेही कादंबऱ्यांच्या कितीतरी आधीचे, कागदपत्रं दाखवत जाणारे, आणि अर्थातच वाचायला अवघड. कादंबरीने चेतवलेल्या वाचकांपैकी दहातल्या एकाने शेजारचं पुस्तक उचललं तरी पुष्कळ झालं. पण ते शेजारी असेल तर उचलेल ना! ग्रंथालयं पुस्तकांना विषयवार आकडे देतात त्या दशांश वर्गीकरणात मराठी कादंबरी ८९१.४६३ आणि भारताचा इतिहास ९५४. सूचीपत्रावर दोन वेगळी घरं आहेत. प्रत्यक्षात अनेक वाचनालयांत ‘ऐतिहासिक’ नावाच्या एकाच कपाटात दोन्ही गुण्यागोविंदाने नांदतात आणि कोणत्या पुस्तकाच्या पाठीवर काय लिहिलंय हे झिजून गेलेलं असतं. एकत्र ठेवायला हरकत नाही, उलट तेच बरं. फक्त पाठीवर दोन रंगांच्या पट्ट्या लावाव्यात. कादंबरीला एक, इतिहासाला दुसरी. खर्च चिकटपट्टीच्या दोन रिळांचा.

खरेदीची पद्धतही मग दोन तऱ्हेने व्हायला हवी. गोष्टीच्या पुस्तकांसाठी मागणी नोंदवही आणि डेट स्लिपचा हिशेब पुरेसा आहे. समितीने त्यात आपली अभिरुची घुसवू नये. माहितीच्या पुस्तकांसाठी यादीवरून खरेदी बंदच करावी. पुस्तक आधी पाहायला मागवावं, नाही तर दुकानात जाऊन चाळावं, आणि पंधरा मिनिटांच्या तपासणीचा कागद भरल्याशिवाय ते दाखल नोंदवहीत चढू नये. भरमसाट छापील किमतीवर भरमसाट सवलत देणाऱ्या पुस्तकांचा भरणा बहुतेक याच भागात असतो. चाळून पाहिलं की त्यातली निम्मी तिथेच गळतील. प्रकाशनपूर्व सवलतीत न पाहता पैसे भरायचे ते कोशांसाठी आणि मोठ्या संदर्भग्रंथांसाठी भरावेत, कारण ते त्याशिवाय निघतच नाहीत. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानची ‘ग्रंथ तुमच्या दारी’ योजना पंचवीस पुस्तकांची पेटी वाचकांच्या गटाकडे पाठवते, ती दुबईपर्यंत गेली. अशा पेटीत तर वाचकाला निवडायला वावच नसतो. जे भरलं ते मिळालं. तिथे भरणाऱ्याची जबाबदारी दुप्पट होते.

यावर दोन आक्षेप येतील आणि दोन्ही रास्त आहेत. एक, तपासणीच्या नावाखाली समिती आपल्याला न पटणारे विचार बाहेर ठेवेल. ठेवू शकते. म्हणून कागदावर मताचा रकाना नसावाच. वर्ष, अनुवादक, संदर्भ, सूची, एका दाव्याचा माग, एवढेच पाच रकाने. नाकारलं तर कोणत्या रकान्यावर, हे लिहून तो कागद सूचनाफलकावर लावावा. आपल्या बाजूचं बिनसंदर्भ पुस्तक आत आणि विरुद्ध बाजूचं ससंदर्भ पुस्तक बाहेर असं झालं, तर ते भिंतीवर सगळ्यांना दिसेल. आणि सभासदाने हट्टाने मागितलेलं पुस्तक नापास झालं तरी एक प्रत घ्यावी, आत चिठ्ठी लावून: ‘यातले कराचे दर २०१७ चे आहेत.’

दुसरा आक्षेप माणसांचा. अर्धवेळ ग्रंथपाल, तुटपुंजं मानधन, हे कोण करणार? हिशेब मांडून बघू. लहान वाचनालय वर्षाला दीडशे पुस्तकं घेत असेल, त्यातली साठ माहितीची. साठ गुणिले पंधरा मिनिटं म्हणजे पंधरा तास. कार्यकारिणीतले पाच जण बसले तर प्रत्येकाला तीन तास, वर्षातून एकदा. आणि त्यात गावातला एखादा डॉक्टर, एखादा कर सल्लागार, एखादा निवृत्त शिक्षक आपापल्या विषयाची सूची उघडून बसला तर त्याहूनही कमी. वार्षिक सर्वसाधारण सभेत मागच्या इतिवृत्तावर जेवढा वेळ जातो, साधारण तेवढा.